अठराशे चोवीस

टँकरच्या ढुंगणावर केशरी पाटी असते,
तिच्यावर आकडा, १८२४.
दस्तगीरनं पहिल्याच खेपेला विचारलं,
"उस्ताद, हे कुठलं साल? काय झालंतं तवा?"
म्हटलं, तुझा खापरपणजा जन्मला.
कराडपासून कासेगावपर्यंत हसत होतं येडं.

साल नाही ते. मालाचं नाव आहे,
ज्याला वाचता येतं त्याच्यासाठी.
आमच्यासाठी डॅशबोर्डच्या खणात एक कागद होता,
इंग्रजी, चार घड्यांचा.
त्यावर आम्ही भडंग खायचो.

कुपवाडला सकाळी सहाला लागलो.
गेटवरचा म्हणाला, पंपवाला आठला येतो,
घाई असेल तर तुमचं तुम्ही जोडा.
मालकाचे दोन फोन होऊन गेले होते.

वॉशर मी बघायचा असतो.
मी तंबाखू मळत होतो.
खरं तर एवढंच सांगायचं होतं.

जोड सुटला त्याचा आवाजसुद्धा नाही झाला.
दस्तगीरनं हात बघितले, कोपरापर्यंत ओले,
बोटं बोटांवर चोळली आणि म्हणाला,
"उस्ताद, साबणावानी लागतंय."
ह्याचीच भीती वाटते मला अजून.
विस्तव निदान सांगून येतो.
कॉस्टिक मऊ हात फिरवत येतं,
आईनं आंघोळ घालावी तसं,
आणि आपल्याच चरबीचा साबण करून
आपल्यालाच लावतं.
तो ओरडला, त्याला पुरतं एक मिनिट लागलं.

भिंतीवर हिरवी पाटी, खाली फवारा, साखळी.
साखळी ओढली.
नळानं खाकरून
तांबूस थुंकी टाकली.

मग रस्ता.
सावळीच्या अंगानं ट्रॅक्टर येत होता,
मागं द्राक्षबागेचा ब्लोअर, सहाशे लिटरचा.
मी आडवा झालो, डांबरावर, अक्षरशः.
तोंडाला फडकं बांधलेला माणूस शिव्या देत उतरला
(जिनपाल मगदूम, नाव नंतर कळलं).
मी एकच विचारलं, औषध टाकलंय का पाण्यात?
"न्हाई ओ. बागंत गेल्याव टाकनार. टाकी कालच धुतलीया."
इतकं गोड बोलणं मी त्यानंतर ऐकलेलं नाही.

त्यानं कात्रीनं शर्ट कापला, घड काढायची कात्री.
मी नळी धरली.
वीस मिनिटं, थोडी जास्तच.
दस्तगीर म्हणत होता, थंडी वाजतीया, थंडी वाजतीया,
आणि गटारीत जाणारं ते पाणी
साध्या पाण्यासारखंच दिसत होतं.
मगदूम मधेच म्हणाला, "आज फवारनी ऱ्हायली,"
आणि लगेच स्वतःच ओशाळला.

मिरजेला एकोणीस दिवस.
मांडीची कातडी काढून हातांना लावली.
ड्रेसिंग करणारी बाई म्हणाली,
पाणी कुणी मारलं? त्यानं वाचले हात.
सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.
जोडताना कोण होतं, हे काही तिनं विचारलं नाही.

आता हात चालतात. बटण लावतो, ताटली उचलतो,
चहाचा कप मात्र दोन्ही हातांनी.
अंगठा उठत नाही.
गेटच्या मशीनवर दाबला, लाल.
रेशनच्या दुकानात दाबला, तिथंही तेच,
मागची रांग कुरकुरायला लागली.
बापानं जन्मभर अंगठा दिला म्हणून
हा रात्रशाळेत जाऊन सही शिकलेला,
वळणदार, खाली दोन टिंबं देऊन,
आणि ही यंत्रं परत अंगठाच मागतात.
परवा माझ्यापुढं तळहात धरला, गुळगुळीत, गुलाबी,
"उस्ताद, तुमी म्हनलासा साल न्हाई.
ही काय मग? गेली की समदी साल."
हसला. मलाही हसावं लागलं.

काल पेठ नाक्यावर गाडी लावून
सीटखालची हातमोज्यांची पिशवी फाडली.
चेकिंगला दाखवायची पिशवी,
सहा वर्षं सीलबंद, वर कंपनीचा शिक्का.
घालून बघावेत म्हटलं.
दोन्ही डाव्या हाताचे निघाले.